तालुक्यातले कॅन्सरचे मृत्यू देशाच्या आकड्याशी ताडून बघताना

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमचा तालुका सिंधुदुर्गातला, लोकसंख्या ५० हजारांच्या आसपास. तुम्ही आणि तुमच्या दोन मित्रांनी ग्रामपंचायतींच्या मृत्यूनोंदी चाळल्या, आशाताईंना विचारलं आणि यादी केली, त्यात २०२४ मध्ये ४१ जण कॅन्सरने गेलेले निघाले, म्हणजे लाखाला ८२. देशात २०२२ मध्ये कॅन्सरने अंदाजे ९ लाख १६ हजार माणसं गेली, त्याला लोकसंख्येने भागलं तर लाखाला ६५ च्या आत-बाहेर येतं. शिवाय तुमच्याकडे २०२० मध्ये २३ होते ते ४१ झाले. तर आमच्याकडे देशाच्या सव्वापट माणसं मरतायत आणि चार वर्षांत जवळपास दुप्पट झाली हे बरोबर का, आणि आंब्यावरच्या फवारणीने हे होतंय का, असं तुम्ही विचारलंय.

यादी केलीत हे फार चांगलं केलंत. मी १९ वर्षं ग्रामीण भागातल्या कॅन्सर नोंदणीचं काम करतोय, गावोगाव फिरून नोंदी गोळा करायच्या आणि मग बसून त्यांचे दर काढायचे, आणि स्वतःहून सहा वर्षांची यादी काढणारी माणसं मला फार कमी भेटली. पण तुम्ही जो भागाकार केलाय त्यावरून सव्वापट म्हणता येत नाही. का ते नीट सांगतो, कारण हाच भागाकार बातमीत आला की गाव घाबरतं, आणि दुसऱ्या बाजूला एखादा अधिकारी असाच भागाकार करून "तुमच्याकडे तर कमीच आहे" म्हणून फाईल बंद करतो.

पहिली गोष्ट वयाची. कॅन्सर तरण्या माणसाला होत नाही असं नाही, पण मृत्यूंचा मोठा भाग पन्नाशी-साठीच्या पुढचा. आता तुमचा जिल्हा बघा. २००१ ते २०११ मध्ये सगळ्या देशाची लोकसंख्या वाढत होती आणि सिंधुदुर्गाची कमी झाली, ८ लाख ६९ हजारांवरून साडेआठ लाखांच्या खाली. रत्नागिरीचीही घटली. त्या जनगणनेत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, सिंधुदुर्गात १०३६. तरणी पोरं मुंबई-पुण्याला, गोव्याला, मागे आईवडील. हे तुम्हाला मी सांगायला नको, गणपतीच्या दिवसात घरं भरतात आणि नंतर वाडीत कोण उरतं ते तुम्ही रोज बघता. देशात २०११ ला साठीच्या वरची माणसं शंभरात साधारण साडेआठ होती, तुमच्या तालुक्यात आज ती त्याच्या दुप्पट असली तरी मला नवल वाटणार नाही.

याचा परिणाम किती होतो ते आकड्यात बघू. खालचे वयोगटवार दर फक्त रीत कळावी म्हणून मी गोल करून घेतलेत, देशाचे छापील दर म्हणून कुठे वापरू नका. समजा तिशीच्या आत लाखाला ५ मृत्यू, ३० ते ५९ मध्ये लाखाला ७०, साठीच्या पुढे लाखाला ३६०. देशात शंभरातले ५४ जण तिशीच्या आतले, ३६ मधले आणि १० साठीपुढचे धरले तर सगळे मिळून लाखाला ६४ येतात, म्हणजे तुमच्या ६५ च्या जवळच. आता हेच दर तुमच्या तालुक्याला लावा. ५० हजारांत २० हजार तिशीच्या आतले, २१ हजार मधले, ९ हजार साठीपुढचे असं धरू. पहिल्या गटात १ मृत्यू अपेक्षित, दुसऱ्यात साधारण १५, तिसऱ्यात ३२. एकूण ४८. म्हणजे तुमच्याकडे कॅन्सर अगदी देशाइतकाच असला, एका काडीने जास्त नसला, तरी वर्षाला ४८ मृत्यू व्हायला हवेत, आणि तुम्हाला सापडले ४१.

सव्वापट गेलं आणि उलट कमीच निघालं. यात मी एकही मृत्यू इकडचा तिकडे केला नाही, फक्त म्हातारी माणसं किती आहेत ते विचारात घेतलं. म्हणून आम्ही कधीही नुसता लोकसंख्येने भागलेला दर, ज्याला क्रूड रेट म्हणतात, तो दोन गावांच्या तुलनेला वापरत नाही. एज अ‍ॅडजस्टेड रेट वापरतो. त्यात दोन्ही ठिकाणचे वयोगटवार दर घेऊन ते एकाच ठरलेल्या काल्पनिक वस्तीला लावायचे, म्हणजे दोन्हीकडचं धान्य एकाच मापट्याने मोजायचं. आपल्या नोंदणीत ती वस्ती जागतिक प्रमाण लोकसंख्या म्हणून घेतात, लाख माणसांची, त्यात साठीपुढचे फक्त ११ हजार. अमेरिकेत मात्र त्यांच्या स्वतःच्या २००० सालच्या लोकसंख्येचं मापटं वापरतात आणि त्यात म्हातारे जास्त आहेत, त्यामुळे तेच दर तिथल्या मापट्यात घातले की आकडा मोठा येतो. तुमच्या मित्राने अमेरिकेतल्या कौंटीचा, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचा, दर शेजारी ठेवलाय असं तुम्ही लिहिलंय, तो काढून टाका, मापटं वेगळं असताना तुलना होत नाही.

पण ४८ अपेक्षित आणि ४१ सापडले म्हणून "आमच्याकडे कमी आहे" असंही म्हणू नका. कारण दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी, ती म्हणजे मृत्यू तुमच्या यादीत येतो कसा.

आपल्याकडे मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, माणूस राहायला कुठे होता तिथे नाही. तुमच्या तालुक्यातले कॅन्सरचे पेशंट कुठे जातात? बरेचसे बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजला. काही कोल्हापूरला, काही मुंबईला टाटाला. तिथे गेला तर नोंद तिथे. तुमच्या ग्रामपंचायतीच्या रजिस्टरमध्ये तो नाहीच. आशाताईंच्या लक्षात असेल तर यादीत आला, नसेल तर सुटला. उलट बाजूने, आयुष्यभर परळ-लालबागला राहिलेला चाकरमानी, डॉक्टरांनी आता घरी न्या म्हणून सांगितल्यावर गावच्या घरी आणतात, दीड महिन्यात जातो, आणि त्याची नोंद तुमच्याकडे. त्याला कॅन्सर मुंबईत झाला, निदान मुंबईत, पण मृत्यू तुमच्या ४१ मध्ये. नोंदणीत आम्ही नियम पाळतो की त्या भागात किमान एक वर्ष राहत असलेलाच तिथला धरायचा, आणि त्यासाठी घरी जाऊन विचारावं लागतं, कागदावरचा पत्ता पुरत नाही. आमच्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्यांचा असाच गुंता असतो, सहा महिने इथे, सहा महिने कारखान्यावर, आणि दवाखान्याच्या केसपेपरवर मुकादमाचा नाहीतर कुठल्या नातेवाईकाचा पत्ता.

मग कारण काय लिहिलंय ते. एक प्रसंग सांगतो म्हणजे लक्षात येईल. बालाघाटाच्या कडेचं एक गाव, रजिस्टरला एका पन्नाशीच्या माणसाचं मृत्यूचं कारण "हार्ट अटॅक". आम्ही त्या वर्षीचे सगळेच मृत्यू घरोघर जाऊन पडताळत होतो म्हणून त्या घरी गेलो. त्याची बायको ओट्यावर तूर निवडत होती. मी विचारलं, आधी काही दुखणं होतं का. म्हणाली, नाही, चांगलेच होते, शेवटी एकदम छातीत आलं. मी गप्प बसलो, थोड्या वेळाने विचारलं की जेवण कसं जायचं. तेव्हा ती म्हणाली की जेवण कुठलं, चार महिने नुसती पेज, तीही वाटीने तोंडात सोडायची, तोंड उघडतच नव्हतं. मग आत गेली, कणगीच्या मागून एक साडीच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी काढली, त्यात फाईल, फाईलमध्ये बायोप्सीचा कागद चार घड्या घातलेला, गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर. मुलीचं लग्न जमत होतं म्हणून घरात कुणी तो शब्द काढला नव्हता, आणि नोंद करताना दिराने जे सांगितलं तेच लिहिलं गेलं. तिने खोटं सांगितलं असं मला एकदाही वाटलं नाही. आमच्याकडे "मोठा आजार" म्हणतात, तुमच्याकडे दुसरं काही म्हणत असतील, पण तो शब्द टाळायची कारणं सगळीकडे तीच.

हे घरी झालेल्या मृत्यूचं. दवाखान्यातही सगळं नीट असतं असं नाही. डॉक्टरने भरायचा जो फॉर्म ४ आहे त्यात वरच्या ओळीत शेवटी लगेच काय झालं ते आणि खालच्या ओळीत मूळ आजार कोणता ते लिहायचं असतं. बऱ्याच फॉर्मवर नुसतं "कार्डिओ रेस्पिरेटरी अरेस्ट" लिहून खालच्या ओळी कोऱ्या असतात, आता हृदय बंद पडणं हे तर कुठल्याही मरणात होणारच, ते कारण नव्हे. दुसरा घोळ मूळ जागेचा. स्तनाचा कॅन्सर लिव्हरला पसरला की घरचे "लिव्हरचा कॅन्सर" सांगतात. तुमच्या यादीत ९ जण लिव्हरचे आहेत, हे मला खटकतंय. मूळ जागा लिव्हर असलेले एवढ्या छोट्या तालुक्यात एका वर्षात इतके असणं कठीण, त्यातले बरेचसे दुसरीकडून पसरलेले निघतील असा माझा अनुभव आहे. फायली बघितल्याशिवाय नक्की सांगत नाही.

आता हेच देशाच्या बाजूने बघा. तुम्ही जो ९ लाख १६ हजारांचा आकडा घेतलाय तो मोजलेला नाही, काढलेला अंदाज आहे. देशभरात नोंदलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले २०२० मध्ये साधारण साडेबावीस टक्केच होते, मग देशाचे कॅन्सरचे मृत्यू नुसते मोजून कसे येणार? म्हणून ज्या भागात कॅन्सर नोंदणी चालते तिथले नवे रुग्ण, ते किती जगतात याचा अंदाज, यावरून गणित मांडून देशाचा आकडा बांधतात. हे गणित करणारी संस्था, फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था, स्वतःच सांगते की वेगवेगळ्या वर्षांचे आमचे अंदाज एकापुढे एक ठेवून वाढ-घट काढू नका, कारण पद्धत आणि आधाराची माहिती दर वेळी बदलते. तुम्ही २०१८ चे ७ लाख ८४ हजार, २०२० चे साडेआठ लाख आणि २०२२ चे ९ लाख १६ हजार घेऊन जो देशाचा चढता आलेख काढलाय तो त्यामुळे वापरता येणार नाही. देशातले मृत्यू वाढतायत हे खरंच आहे, लोकसंख्या वाढतेय आणि म्हातारी होतेय, पण त्या तीन ठिपक्यांमधून वाढीचा वेग काढता येत नाही.

आणि नोंदणी तरी किती भागात? मुंबईत १९६३ ला सुरू झाली, देशातली पहिली. आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रम १९८१-८२ पासून. खेड्यातली पहिली नोंदणी आपल्या बार्शीची, १९८७, बार्शी, परांडा, भूम हे तीन तालुके. यातून जे दर येतात त्यात भागाभागात एवढा फरक आहे की "देशाची सरासरी" या शब्दाचा फार भरवसा धरू नये. २०१२ ते २०१६ च्या अहवालात नव्या रुग्णांचा पुरुषांमधला दर मिझोरामच्या ऐझॉलला लाखाला २६९.४ आणि उस्मानाबाद-बीडला ३९.५. दिल्लीला १४७. बायकांमध्ये सगळ्यात वर अरुणाचलातला पापुमपारे जिल्हा २१९.८, सगळ्यात खाली पुन्हा उस्मानाबाद-बीड, ४९.४. हे सगळे एज अ‍ॅडजस्टेड दर आहेत, म्हणजे वयाचा खुलासा इथे चालत नाही. ईशान्येकडे तंबाखू आणि बाकी सवयींमुळे खरोखरच जास्त आहे. पण उस्मानाबाद-बीड खरंच एवढं निरोगी आहे का?

मला वाटतं तेवढं नाही, आणि त्याला आधार आहे. २०१२ मध्ये देशभरातल्या घरोघरी जाऊन मृत्यूंची कारणं विचारणाऱ्या मोठ्या पाहणीचा कॅन्सरवरचा भाग प्रसिद्ध झाला. त्यात ३० ते ६९ वयात कॅन्सरने मरण्याचा दर खेड्यातल्या पुरुषांत लाखाला ९५.६ आणि शहरातल्या पुरुषांत १०२.४ निघाला, बायकांमध्ये खेड्यात ९६.६ आणि शहरात ९१.२. जवळपास सारखाच. हे आकडे वरच्या ३९.५ शेजारी थेट ठेवू नका, ते सगळ्या वयांतल्या नव्या रुग्णांचे आहेत आणि हे ठरावीक वयातल्या मृत्यूंचे. पण दिशा बघा. नोंदणीत खेड्यात रुग्ण शहरापेक्षा खूप कमी दिसतात आणि मृत्यू मात्र शहराइतकेच. याचा अर्थ काही रुग्णांचं निदानच होत नाही, आणि ज्यांचं होतं त्यांचं इतक्या उशिरा होतं की त्यातले फार थोडे वाचतात. वर सांगितलेल्या माणसाची फाईल कणगीमागून निघाली नसती तर तो ना रुग्णांत मोजला गेला असता ना मृत्यूंत.

म्हणून आम्ही एक साधी तपासणी करतो, वर्षभरातले मृत्यू भागिले वर्षभरात सापडलेले नवे रुग्ण. देशाच्या २०२२ च्या अंदाजात नवे रुग्ण १४ लाख १३ हजार धरलेत, म्हणजे हे प्रमाण शंभरामागे ६५. एखाद्या भागात ते २० आलं तर आनंद मानायच्या आधी आम्ही मृत्यू सुटलेत का ते बघतो. ९५ आलं तर एकतर रुग्ण सापडत नाहीयेत किंवा सगळे शेवटच्या टप्प्यात पोचतायत. तुमच्या यादीत फक्त मृत्यू आहेत. २०२४ मध्ये तालुक्यात नवे किती सापडले हा आकडा मिळाला तर मला तो देशाच्या ६५ शी केलेल्या तुलनेपेक्षा जास्त उपयोगाचा वाटेल.

आता वाढीचं. तुमची सहा वर्षं अशी आहेत, २०१९ ला २९, मग २३, २६, ३४, ३१ आणि ४१. तुम्ही २३ आणि ४१ घेतले, म्हणजे सगळ्यात खालचं आणि सगळ्यात वरचं. शिवाय ते २३ कोविडच्या वर्षातले, तेव्हा लोक दवाखान्यात पोचत नव्हते, निदानं लांबली, आणि कॅन्सरचा पेशंट कोविडने गेला तर नोंद कोविडची झाली. ते वर्ष पाया म्हणून धरू नका.

छोटे आकडे स्वतःच्या स्वतः वरखाली होतात, काहीही न बदलता. एक ढोबळ नियम लक्षात ठेवा, मृत्यूंच्या संख्येचं वर्गमूळ काढा, दुप्पट करा, तेवढं इकडे तिकडे हलू शकतं. ४१ चं वर्गमूळ साडेसहाच्या आत, दुप्पट १३, म्हणजे ४१ म्हणताना आपण खरं तर २८ ते ५४ मधलं काहीतरी म्हणतोय. मघाचे अपेक्षित ४८ याच पट्ट्यात बसतात, म्हणून मी म्हटलं की कमीही म्हणू नका. अमेरिकेत ते कौंटीवार दर छापतात तेव्हा ठरलेल्या मुदतीत १६ पेक्षा कमी केसेस असतील तर तो दर दाखवतच नाहीत, आणि प्रत्येक कौंटीला दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगतात, देशाच्या मानाने वर, बरोबरीत की खाली, आणि स्वतःच्या मानाने वाढता, स्थिर की घटता. ही रीत मला फार पटते, कारण वर असून घटणारा भाग आणि खाली असून वाढणारा भाग यांची काळजी वेगवेगळी असते आणि आपण त्या दोन्ही एकाच वाक्यात घालून बसतो.

तुमची तीन-तीन वर्षं एकत्र करू. २०१९ ते २१ मध्ये ७८, २०२२ ते २४ मध्ये १०६. फरक २८. दोन्हीची बेरीज १८४, वर्गमूळ साडेतेरा, दुप्पट २७. म्हणजे २८ हा फरक नुसत्या योगायोगाच्या पट्ट्याच्या जेमतेम बाहेर येतो. यात काहीच नाही असं मी म्हणणार नाही, काहीतरी वाढ असू शकते. पण पहिल्या तीनात कोविडची दोन वर्षं आहेत, आणि जुन्या वर्षांची माहिती लोकांच्या आठवणीतून आलीय, जुनं जास्त विसरलं जातं. शिवाय सहा वर्षांत साठीपुढची माणसंही वाढली. हे तिन्ही वजा केल्यावर वाढ उरते का हे आत्ता सांगता येत नाही, २०२५ आणि २०२६ ची दोन वर्षं याच पद्धतीने, त्याच माणसांनी मोजली तर सांगता येईल.

फवारणीबद्दल. शंका घेणं चूक नाही, औषध अंगावर उडतं, मास्क नसतो, मीही बागांमध्ये बघितलंय, आणि त्याची काळजी कॅन्सर असो-नसो घ्यायलाच हवी. पण सगळे कॅन्सर मिळून एकूण मृत्यूंच्या आकड्यातून या प्रश्नाचं उत्तर कधीच निघत नाही. तोंडाचा, स्तनाचा, अन्ननलिकेचा, रक्ताचा, हे वेगवेगळे आजार, कारणं वेगवेगळी, आणि बहुतेकांत कारण घडल्यापासून गाठ दिसेपर्यंत दहा-वीस वर्षं जातात. एकूण आकडा स्थिर दिसतो तेव्हा आत एक वाढत आणि एक घटत असू शकतो, आपल्याकडे बहुतेक नोंदण्यांत बायकांमधला गर्भाशयमुखाचा कमी होत गेलाय आणि स्तनाचा वाढत गेलाय, बेरीज केली की दोन्ही झाकलं जातं. मला संशय केव्हा येईल सांगतो. एकाच प्रकारचा, एरवी कमी दिसणारा कॅन्सर, नेहमीपेक्षा लहान वयात, आणि एकाच कामातल्या किंवा एकाच पाण्यावरच्या लोकांत. तुमच्या यादीत तोंडाचे ११ आहेत, पण तोंडाचा कॅन्सर महाराष्ट्रात तंबाखू-मिश्रीने सगळीकडेच आहे, त्यासाठी फवारणी शोधायला लागत नाही. असा एकत्र आलेला गट मला तुम्ही पाठवलेल्या माहितीत तरी दिसला नाही.

पुढे काय कराल. यादीत प्रत्येक माणसापुढे वय, बाई की पुरुष, शेवटच्या वर्षी कुठे राहत होता, कॅन्सरची मूळ जागा, निदान कधी झालं आणि मृत्यू कुठे झाला एवढं भरा. निदान आणि मृत्यू यात किती महिने गेले हे त्यातूनच निघेल, आणि ते फार बोलकं असतं. बांबोळीला आणि मुंबईला गेलेले सुटलेत का ते वाडीवाडीत पुन्हा विचारा. लोकसंख्या ५० हजार ही २०११ ची असेल, २०२१ ला जनगणना झाली नाही, तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या घरोघरच्या सर्व्हेतून आजची वयोगटवार संख्या घ्या, विशेषतः साठीपुढची, कारण मी धरलेले ९ हजार हा माझा अंदाज आहे आणि सगळं गणित त्यावर टेकलंय. ते ७ हजार निघाले आणि दोन हजार मधल्या गटात गेले तर अपेक्षित ४८ चे ४२ होतात. पुरुष-बायकांचा हिशेब वेगळा करा. आणि तुलना देशाशी करण्याआधी शेजारच्या तालुक्याशी करा, तीही त्याच पद्धतीने मोजून. मोजणारा हात सारखा असला की तुलनेला खरा अर्थ येतो. नावं मात्र कुठे छापू नका, पाठवूही नका, त्या पिशव्या लोकांनी लपवून ठेवलेल्या असतात त्याला कारण असतं.

एका गोष्टीसाठी मात्र यातल्या कशाचीच वाट बघायला नको. तुम्ही ओझरतं लिहिलंय की ४१ मध्ये ४ बायका गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या आहेत आणि चौघी पन्नाशीच्या आतल्या. माझी नजर सगळ्या यादीत तिथेच थांबली. चार हा आकडा छोटा आहे, त्यावरून दर काढू नये हे वर मीच सांगितलं, आणि देशाच्या मानाने तो जास्त की कमी हे मला सांगता येणार नाही. पण हा आजार कॅन्सर व्हायच्या आधी वर्षानुवर्षं तपासणीत सापडू शकतो. उस्मानाबाद जिल्ह्यातच १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार बायकांचा अभ्यास झाला, गावांचे ५२ गट करून. ज्या गटात एकदाच, आयुष्यात एकदा, एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो त्या विषाणूची, तपासणी झाली तिथे ३४ हजार १२६ बायकांमध्ये या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले, आणि ज्यांची तपासणी मोहीम झाली नाही त्या ३१ हजार ४८८ मध्ये ६४. आपल्याच खेड्यांतल्या, आपल्याच बायका. तिथे ना मोठं हॉस्पिटल दाराशी होतं ना शिक्षण जास्त होतं.

सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्यांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख अशी तिन्ही तपासणी उपकेंद्राच्या पातळीवर व्हायची आहे. तेव्हा त्या चौघींच्या घरी जाताना एवढंच विचारा, शक्यतो आशाताईंना किंवा सिस्टरना सोबत घेऊन, की यांची तपासणी कधी झाली होती का, झाली असेल तर कोणत्या साली, अंगावर जायला लागल्यापासून पहिल्यांदा डॉक्टरकडे जाईपर्यंत किती महिने गेले, आणि मध्ये कुठे अडलं, पैशाला, गाडीला की सांगायच्या लाजेला. चौघींची उत्तरं आली की मला कळवा, आणि सोबत साठीपुढच्यांची संख्याही, म्हणजे तो ४८ चा आकडा पुन्हा मांडता येईल.